द्वारकाकाकूंचा रुसलेला हिरवा

परवा फोनवर रेवा मला तिच्या चित्रकलेच्या वर्गातली गंमत सांगत होती. ओल्या कागदावर पुडीतला कोरडा रंग भुरभुरवायचा, वरून जाडे मीठ टाकायचे आणि हात न लावता थांबायचे. मीठ रंग ओढून घेते आणि कागदावर चांदण्या उमटतात. "आजी, आमच्या सरांनी शोधलंय हे," ती म्हणाली. मी म्हटले, "शोधलं असेल. पण तुझ्या सरांच्या जन्माआधी आमच्या किहीमच्या द्वारकाकाकूंनी ते केलं होतं, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी आमटी अळणी झाली होती."

"कोण द्वारकाकाकू?" रेवाने विचारले. फोनवर सांगून संपण्यासारखी ती बाई नव्हती. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही सगळ्या नातवंडांनी वाचा. अडेल तिथे आईबाबांना विचारा.

आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक दगडी गडगा होता, लहान मुलालाही ओलांडता येईल एवढा. पलीकडे नारळी-पोफळी, विहीर, कौलारू घर आणि घरापुढे सारवलेले अंगण. घरात माणसे तीन: द्वारकाकाकू, त्यांचे यजमान नाना आणि मुलगी मथुरा, म्हणजे मथी. नाना बोलत थोडे, पण बोलले की वाडीच्या टोकाला नारळ पाडणाऱ्या गड्यालाही ऐकू जाई. मथी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, शांत आणि नीटनेटकी. काकू उंच, हडकुळ्या, चालताना कायम काहीतरी विसरल्यासारख्या मध्येच थांबणाऱ्या. त्यांना ओळखायची खूण म्हणजे त्यांचे हात. एक काळ सोडला, तर मी ते हात निव्वळ हाताच्या रंगाचे कधी पाहिले नाहीत. कधी बोटे जांभळी, कधी नखे गुलाबी, कधी मनगटापर्यंत मोरपंखी. पंगतीत त्या वाढायला आल्या की पाहुणे आधी त्यांच्या हाताकडे बघत, मग भाताकडे.

हे रंग म्हणजे लुगडी रंगवायचे. त्या काळी विटलेले लुगडे कोणी टाकत नसे. अलिबागच्या बाजारात एका गुजराती शेठच्या दुकानात विलायती रंगाच्या कागदी पुड्या मिळत. एक पुडी उकळत्या पाण्यात टाकली की जुने लुगडे नवे होई. शेठ प्रत्येक पुडी देताना सांगे, "काकी, आ रंग एकदम पक्को छे." काकू म्हणत, "शेठ, मागचा पक्को नानांच्या धोतरावर जाऊन बसला. लुगड्यावर बसणारा द्या." बाकीच्या बायका त्या पुड्या लुगड्यांसाठी नेत. काकूंच्या पुड्यांतली निम्मी पूड लुगड्यापर्यंत पोचतच नसे. कधी ती रांगोळीत मिसळे, कधी चुन्यात, कधी डिंकाच्या पाण्यात. केळीच्या खोडाच्या सोपावर, फुटक्या कौलावर, जुन्या पंचांगाच्या पानांवर त्यांचे प्रयोग चालत. कुणी विचारले, "काय करताय?" तर एकच उत्तर: "बघू या, काय म्हणतोय तो."

तो म्हणजे रंग. त्यांच्या लेखी प्रत्येक रंगाला स्वभाव होता. गुलाबी उनाड, कुठेही पळणारा. जांभळा आगाऊ, दुसऱ्याच्या घरात शिरणारा. पिवळा गुणी, सांगाल तिथे बसणारा. आणि हिरवा रुसणारा. "याची मनधरणी करता करता माझे केस पिकले," असे त्या म्हणत, तेव्हा त्यांचा एकही केस पिकला नव्हता.

पण हे सगळे सुरू झाले ते रांगोळीपासून. चैत्र लागला की काकू दारात चैत्रांगण काढत. चैत्रांगण म्हणजे चैत्रापासून अक्षय तृतीयेपर्यंत काढायची मोठी रांगोळी: मध्ये गौरीचा झोपाळा, भोवती सूर्य-चंद्र, मोर, हत्ती, गाय-वासरू, तुळशीवृंदावन. आमच्याकडेही काढत, पण काकूंची रांगोळी बघायला लोक वाट वाकडी करून येत. गंमत अशी, की ती पुसायची वेळ आली की काकूंच्या जिवावर येई. रोज सकाळी अंगण झाडून सारवून नवी रांगोळी घालायची ही रीत. मथी केरसुणी घेऊन उभी राहिली की काकू ओरडत, "थांब गो, तो मोर अजून जिवंत आहे."

"आई, लोक म्हणतील या घरात केरसुणी नाही."

"म्हणू देत. मोर आहे असंही म्हणतील."

मग मथी मोर सोडून बाकीचे अंगण झाडी, आणि नाना त्या मोराला वळसा घालून विहिरीवर जात.

एकोणीसशे तीस सालाच्या पुढेमागे मथीचे लग्न ठरले. मुलगा आफ्रिकेत, नैरोबीला, तिकडच्या रेल्वेत कारकून. रजेवर आला, वैशाखात लग्न झाले आणि एकटाच परत गेला. मथीने पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की जायचे ठरले. तेव्हा नैरोबी म्हणजे माणूस परत येईल न येईल इतके लांब. घरात तयारी सुरू झाली. पापड, मेतकूट, मसाला, कुळथाचे पीठ, सगळ्याची गाठोडी बांधून होत आली. एका दुपारी मथी ओटीवर बसून दाराबाहेर बघत म्हणाली, "आई, सगळं बांधून दिलंस. आपलं दार तेवढं मिळणार नाही मला. चैत्रांगण."

काकूंनी हातातले गाठोडे खाली ठेवले. संध्याकाळी गडग्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "रांगोळी काय चिमटीत धरून आफ्रिकेला न्यायची? पण न्यायला तर हवी." आणि तिथून त्या पावसाळाभर त्यांचे एकच काम चालले: न पुसली जाणारी रांगोळी.

मी तेव्हा अलिबागला इंग्रजी शाळेत जात होते, म्हणून काकू मला मडम म्हणत. पुड्यांवर इंग्रजीत छापलेले असे. "ये गो मडमे, हा काय म्हणतोय वाच." मी वाचून अर्थ सांगितला, की कापड रंगाच्या पाण्यात अर्धा तास उकळा आणि मग मीठ घाला, म्हणजे रंग बसेल.

"उकळा?" काकू म्हणाल्या. "चित्र कुणी उकळतं का? ते राहू दे. मिठाचं मात्र खरं असेल."

समोर पाटावर ओले फडके पसरले होते, त्यावर निळा नुकताच भुरभुरवलेला. काकू आत गेल्या, मिठागरातल्या जाड्या करड्या मिठाचे मडके उचलून आणले आणि मुठी मुठी फडक्यावर टाकले. मी आणि मथी बघत बसलो. प्रत्येक खड्याभोवती निळा हळूहळू सरकला, मध्ये फिकट जागा राहिली, कडेला गर्द रेघ आली. खडे झटकले तेव्हा फडक्यावर आकाश होते.

"बघ गो मडमे!" काकू हात आपटून म्हणाल्या. "चांदणं सांडलं!"

आतून नानांचा आवाज आला, "आमटीत मीठ नाही आज!"

"नाही!" काकू तितक्याच मोठ्याने म्हणाल्या. "आभाळात आहे!"

आकाश सापडले, पण कापड सापडेना. धोतराचे फडके पातळ, कागद दमट हवेत लिबलिबीत. तेव्हा थळहून हिराय नावाची कोळीण मासळी घेऊन येई. पावसाळ्यात ती सुकी मासळी आणी. काकूंनी सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, घेता घेता विचारले, "हिराय, घरात होडीचं जुनं शीड पडलंय का गो?"

"हाय ना. पन तुला शीड कनाला? नाना होरी घेतान का काय?"

"चित्र काढायचंय त्यावर."

हिराय टोपलीवर हात ठेवून हसली. "शिडावं वारा भरतान गो बाय, चितार न्हाय!"

"यावर दोन्ही भरू. तुझं शीड आफ्रिकेला जाणार आहे, मथीबरोबर."

हिरायचे हसू थांबले. पुढच्या फेरीला तिने शिडाचा मोठा तुकडा आणला, शिवण उसवून, समुद्राच्या पाण्यात धुतलेला. पैसे घेतले नाहीत. "पोरीला वारा बरा लागू दे," एवढेच म्हणाली.

ते कापड काकूंनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ केले आणि रिकाम्या बाजेवर काथ्याने ताणून बांधले. शीड टिकावे म्हणून कोळी ते झाडाच्या सालीच्या रंगात मुरवतात, त्यामुळे ते काही केल्या तांबूसच राहिले. रेघा कशाने काढायच्या याचा काकूंनी बराच विचार केला. मग त्यांना परटाची आठवण झाली. परीट कपड्यावर बिब्ब्याने खूण करतो आणि वर चुना लावतो. कपडा फाटतो, पण ती खूण जात नाही. काकूंनी बिब्बे फोडले आणि काडीने अख्खे चैत्रांगण त्या शिडावर काढले. चुना लावताच रेघ काळीभोर झाली.

बिब्बा अंगावर उततो हे काकूंना माहीत नव्हते असे नाही. पण काम करताना कपाळावरचे केस मागे सारायची त्यांना सवय होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, डोळे मिटले, हाताला फोड आले. मथी रडत रडत खोबरे वाटून लावत होती. नाना दारात उभे राहून म्हणाले, "मुलीला निरोप द्यायच्या वेळी आई ओळखू येणार नाही."

सुजलेल्या ओठांतून काकू म्हणाल्या, "रेघ बघा आधी. राहिली का?"

नानांनी बाजेपाशी जाऊन बोटाला थुंकी लावून रेघ घासली. "राहिली," ते म्हणाले. मग पाठ वळवून हळूच म्हणाले, "गाय चांगली आली आहे."

सूज उतरल्यावर काकूंनी रेघा सोडून सगळ्या कापडावर शिंपल्यांच्या चुन्याचा पातळ हात दिला, म्हणजे तांबूस झाकून पांढरी भुई मिळेल. त्यावर मलमलीतून एकेक रंग चाळला, खालून ओलावा, वरून पूड. आकाशाला मीठ. झोपाळ्याच्या कड्यांना डिंकात कालवलेली अभ्रकाची पूड. हत्तीच्या पाठीवर पुळणीतली बारीक काळी वाळू. गाय पांढरीच ठेवली, चुन्याची. ते सगळे माजघरात चुलीच्या उबेला सुकत असे. गुलाबी पळाला, त्याला तुरटीने धरले. जांभळा सूर्यात शिरला, तिथे सूर्याला कडे काढले. एकदा मांजर बाजेखालून गेले आणि आठवडाभर गावात गुलाबी पाठीचे मांजर हिंडत होते. पण रंग बसत गेले.

हिरवा मात्र बसेना. हिरवा हवा होता तुळशीला. सकाळी काकू तुळस भरत. गर्द, ओली, आत्ता उपटून लावल्यासारखी. दुपारपर्यंत ती फिकट होई आणि संध्याकाळी तिथे पांढरी पाने उरत. चुना हिरव्याला खाऊन टाकी. तुरटी घातली, तरी तेच. चुन्याशिवाय तुकड्यावर लावून पाहिला, तर शिडाच्या तांबूसवर तो शेवाळासारखा मळका दिसे. मग काकूंनी चुना खरवडून तिथे भाताच्या घट्ट पेजेचा पांढरा थर दिला आणि त्यावर हिरवा चाळला. दोन दिवस तुळस टवटवीत राहिली. काकूंनी मला हाताला धरून नेऊन दाखवली. तिसऱ्या दिवशी बघतात तो तुळशीच्या जागी पुन्हा नुसते शीड. माजघरातल्या झुरळांनी पेज खाल्ली होती, हिरव्यासकट.

"तुळस खाल्लीन्," नाना म्हणाले. "पुण्यवान हो आपली झुरळं."

मथी हसली, मी हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हा मला कळले की हा आता खेळ राहिला नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. रेवसहून मुंबईच्या बोटी सुरू झाल्या होत्या. काकूंनी मुकाट्याने पुन्हा चुना लावला, पुन्हा हिरवा चाळला, आणि तो पुन्हा गेला.

"आई, राहू दे ना," मथी म्हणाली. "पांढरी तर पांढरी."

"पांढरी तुळस? लग्न झालेल्या मुलीच्या दारात?" काकू म्हणाल्या. "बाकी सगळं दिलं आणि तुळशीची राख देऊ तुला?"

निघायच्या दिवशीही तुळस पांढरीच होती. रेवसच्या धक्क्यापर्यंत मी गेले होते. काकूंनी ते शीड बांबूवर गुंडाळून, मेणकापडात बांधून, मांडीवर आडवे धरले होते. बोटीची घंटा झाली तेव्हा त्यांनी हिरव्याची एक न फोडलेली पुडी काढली, शिडाच्या कोपऱ्यात ठेवली आणि कोपऱ्याला घट्ट गाठ मारली.

"तिकडची हवा कोरडी असेल," त्या मथीला म्हणाल्या. "तिकडे बसेल तो. तूच भर. पण भर."

मथीने मान हलवली. नाना त्या दिवशी इतक्या हळू बोलले की काय बोलले ते मला ऐकू आले नाही.

पुढे मथीची पत्रे येत. शीड भिंतीवर लावले, शेजारणी बघून गेल्या, हत्तीचे कौतुक झाले. काकू प्रत्येक उत्तरात नानांना लिहायला लावत, "हिरवा भरलास का?" मथी बाकी सगळ्याचे उत्तर देई, त्याचे देत नसे. काही महिन्यांनी काकूंनी विचारणे सोडले. शेठकडच्या पुड्याही सोडल्या. मी सुरुवातीला म्हटले ना, एक काळ सोडला तर? तो हा. तीन-चार वर्षे काकूंचे हात हाताच्या रंगाचे होते. चैत्रात त्या दारात रांगोळी काढत, नुसती पांढरी. सकाळी स्वतःच केरसुणीने झाडून टाकत. मोरालाही वळसा नसे. आमच्या आईने एकदा म्हटले, "द्वारका, यंदा रंग नाही?" त्या म्हणाल्या, "रांगोळीच ती. पुसायचीच असते."

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आले त्या चैत्रातली गोष्ट. मी त्यांच्या ओटीवर सूप परत द्यायला गेले होते. नाना मथीचे पत्र मोठ्याने वाचत होते, काकू खाली बसून सुपारी कातरत होत्या. मथीला मुलगी झाली होती, छबी. ती आता हिंडती-फिरती झाली होती. मथीने लिहिले होते:

"आई, रागावू नकोस. चित्र बिघडले. ती हिरव्याची पुडी मी आजवर उघडलीच नव्हती. तुझ्या हातची गाठ होती, सोडवेना. तशीच होती कोपऱ्यात. मी पाणी भरायला गेले तेवढ्यात छबीने ती गाठ दाताने सोडली आणि ओल्या हातांनी सगळी पूड गाईला फासली. गाय हिरवी झाली आहे. तुळस तशीच पांढरी. महिना झाला, ओल्या फडक्याने पुसून पाहिले, साबणाने पाहिले, जात नाही."

नानांनी चष्मा काढला. "हिरवी गाय! कुठल्या शास्त्रात आहे?"

काकूंचा अडकित्ता थांबला होता. "शेवटचं काय वाचलंत?"

"साबणाने पाहिले."

"त्यापुढचं."

"जात नाही."

"जात नाही?" काकू उठल्या. "महिना झाला तरी? अहो, बसला! हिरवा बसला!" त्या ओटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "चुना मेला! एवढ्या वर्षांत मरणारच तो. मी ताज्या चुन्यावर घालत होते, जित्या निखाऱ्यावर बसवत होते त्याला, बसेल कसा? मडमे, थांबायला हवं होतं गो! नुसतं थांबायला!"

"पण गाय," नाना म्हणाले.

तेव्हा काकूंना हसू आले. आधी नुसता श्वास हलला, मग खांदे, मग त्या खांबाला धरून खाली बसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "दाताने सोडलीन्!" त्या म्हणत राहिल्या. "माझी गाठ. दाताने!" नाना चष्मा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग तेही हसू लागले, वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे.

दुसऱ्याच दिवशी त्या अलिबागला जाणाऱ्या गाडीत बसलेल्या मी पाहिल्या. विचारायची गरज नव्हती.

पावसाने बोटी बंद व्हायच्या आधी मला मुंबईला मामाकडे पोचवायचे ठरले होते, पुढे कॉलेजात घालायला. निघायची सकाळ अक्षय तृतीयेच्या आधीची, म्हणजे चैत्रांगण अजून दारोदार होते. टांगा काकूंच्या घरावरून जायचा होता. त्यांच्या दारापाशी पाणी घेऊन चाललेल्या दोन बायका घागरी कमरेवर धरून उभ्या होत्या. काकू अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. समोर झोपाळा, मोर, निळे आकाश, आणि त्यांच्या शेजारी हिरवीगार गाय.

"अगो द्वारके, गाय हिरवी?" एकीने विचारले.

"आमच्याकडे आता अशीच असते," काकू म्हणाल्या.

"आणि तुळस गो? ती पांढरीच?"

"तीही."

मी टांग्यातून हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि हात वर केला. मनगटापर्यंत हिरवा होता. "जा गो मडमे, सांभाळून," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. चिमटीत रंग होता. वळणावर मी मागे पाहिले. काकू पुढे सरकून बसल्या होत्या आणि वासरालाही हिरवा भरत होत्या.